वचन आठवतं, पण हात मोबाईलकडेच जातो

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात, मोहाच्या वेळी बायबलमधलं वचन कसं वापरायचं. म्हणून तिन्ही एकत्र घेतोय. पहिल्याला जागा जास्त दिली आहे कारण तशीच पत्रं सगळ्यात जास्त येतात, बहुतेक तरुण मुलांची आणि बहुतेक बिननावाची.

प्रश्न : सर, सप्रेम सलाम. मी २४ वर्षांचा आहे, जॉबसाठी पुण्यात रूम घेऊन राहतो. लहानपणापासून गावाकडच्या चर्चमध्ये संडे स्कूलला होतो त्यामुळे वचनं भरपूर पाठ आहेत, त्यासाठी बक्षिसं पण मिळालीत. पण रात्री एकटा असलो की मोबाईलवर नको ते बघितलं जातं. त्या वेळी वचन आठवत नाही असं पण नाही. आठवतं, मी म्हणतो पण, "सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल", दहा वेळा म्हणतो आणि तरी पाच मिनिटांनी तेच. मग वाटतं वचनात ताकद नाही का, की माझा विश्वासच खोटा आहे? रविवारी उपासनेत गिटार वाजवतो ते पण सोडून द्यावंसं वाटतं. प्लीज नाव छापू नका.

उत्तर : भावा, लिहिलंस ते फार चांगलं केलंस. विश्वासाचं आधी सांगतो. विश्वास खोटा असता तर तुला एवढा त्रास झालाच नसता, ज्याला काही वाटत नाही तो झोपून जातो, पत्र लिहीत नाही.

आता तू म्हणतोस ते वचन बघू. याकोबाचं पत्र, अध्याय ४, वचन ७. त्यातला तू मागचाच भाग म्हणतोयस. त्याच्या आधी लिहिलंय "देवाच्या अधीन व्हा", आणि लगेच आठव्या वचनात आहे, देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल. म्हणजे सैतानाला अडवायचं सांगितलंय ते मध्ये, आणि त्याच्या आधी देव, नंतरही देव. आपण काय करतो, मधला तेवढा तुकडा उचलतो आणि घोकत बसतो, त्यात जोर आपला असतो आणि डोळे अजून स्क्रीनवरच असतात. देवाकडे तोंड न वळवता ते वचन शंभर वेळा म्हटलं तरी थकायला होईल, दुसरं काही नाही. वचनाची ताकद त्याच्या अक्षरांत किंवा किती वेळा म्हटलं यात नाही रे, ज्याने ते दिलं त्याच्यात आहे, आणि त्याच्याशी बोलणं बंद ठेवून त्याचे शब्द वापरता येत नाहीत.

येशूने रानात काय केलं ते एकदा शांतपणे वाच, मत्तय ४ किंवा लूक ४. पण सुरुवात मत्तयच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटापासून कर, म्हणजे बाप्तिस्म्यापासून. आकाशातून वाणी होते, हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे. त्यानंतर थेट रान, ४० दिवस उपास, भूक लागलेली, आणि परीक्षक, म्हणजे सैतान, येऊन पहिलं वाक्य काय बोलतो, "तू देवाचा पुत्र असलास तर..." बापाने आत्ताच जे सांगितलं नेमकं त्याच्यावरच घाव! भाकरीचा विषय त्याच्या मागून येतो. तू खरंच त्याचा लाडका आहेस ना, मग उपाशी का ठेवलंय त्याने, हा खरा डंख आहे. तुझ्या रूममध्ये रात्री साडेअकराला हेच चालू असतं बघ. दिवसभर राबलास, बॉसचं ऐकून घेतलंस, तुझी कोणाला पडलीय, एवढं तरी तुझ्या वाट्याला असू दे. हे आधी आत चालतं, स्क्रीन नंतर उघडते.

येशू यावर तीन उत्तरं देतो आणि तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आहेत, आठव्या आणि सहाव्या अध्यायातली. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे ८:३ मधलं, देवाची परीक्षा पाहू नको हे ६:१६ मधलं, आणि फक्त त्याचीच उपासना कर हे ६:१३ मधलं. एकाच पुस्तकातले जवळजवळचे दोन अध्याय, म्हणजे तो नुसती सुटी वचनं आठवत नव्हता, तो त्या अध्यायांमध्ये राहत होता असं मला वाटतं. तिथे मोशे इस्राएल लोकांना ४० वर्षांच्या रानाची आठवण करून देतोय, तुम्हाला भूक लागू दिली आणि मग मान्ना, म्हणजे आकाशातून अन्न, दिला तो का, मस्सा इथे पाण्यावरून भांडलात, "परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही" असं विचारलंत, तो प्रश्न निर्गम १७:७ मध्ये आहे. लोक ४० वर्षं जिथे पुन्हा पुन्हा पडले तिथे पुत्र ४० दिवस उभा राहिला, आणि बापावर भरवसा ठेवून राहिला. हे सगळं त्या एका ओळीमागे उभं होतं. तुझ्या ओळीमागे काय उभं आहे ते बघ. बक्षिसासाठी पाठ केलेल्या वचनाचा संदर्भ पण आपल्याला कधीकधी माहीत नसतो, त्याच्यावर प्रार्थना करणं तर लांबच. म्हणून नवीन पन्नास वचनं नको, तीन घे, पण ज्या अध्यायात ती आहेत ते पूर्ण अध्याय महिनाभर रोज वाच, प्रार्थनेत देवाला तेच परत बोलून दाखव.

आणि वचन तुझ्या मोहाशी भिडणारं पाहिजे. येशूने भुकेला भाकरीचं वचन दिलं, राज्यांच्या लोभाला उपासनेचं. चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचा एक साधू होता, कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका विवाहित बाईत गुंतत चाललाय हे लक्षात आल्यावर तो शहर सोडून गेला आणि पुढे इजिप्तच्या वाळवंटात राहिला. त्याने मनात येणाऱ्या वाईट विचारांचे आठ प्रकार केले, खादाडपणा, कामवासना, लोभ, उदासी, राग, कंटाळा, फुशारकी, गर्व, आणि प्रत्येक विचाराला उलट उत्तर म्हणून शास्त्रातली जवळजवळ पाचशे वचनं काढून ठेवली, येशूच्या त्या तीन उत्तरांवरूनच. मला त्याचं हे फार आवडतं की त्याने दोन्ही केलं, पळाला पण आणि वचन पण जमवलं. तुला पाचशे लागणार नाहीत.

तुझ्यासाठी मी तीन सुचवतो. मत्तय ५:८, जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील. बघ, यात डोळ्यांना नुसतं नको म्हटलेलं नाही, डोळ्यांना काहीतरी देऊ केलंय. दुसरं १ तीमथ्य ५:२, तरुण स्त्रियांना बहिणींसारखं वागव, पूर्ण शुद्ध भावाने. त्या स्क्रीनवर जी आहे ती कोणाची तरी मुलगी आहे, ती तिथे कशी आली, कोणी जबरदस्ती केली का, तुला काहीच माहीत नाही, आणि हे वचन मनात बसलं की ती तुला माणूस दिसायला लागते. तिसरं स्तोत्र १३९, अकरा आणि बारा, अंधार सुद्धा त्याच्यापुढे अंधार नाही. हे धमकी म्हणून वाचू नको हं, त्या स्तोत्रात तो माणूस हे आधार म्हणून म्हणतोय, की मी कुठेही असलो तरी तुझा हात मला धरतो.

वेळ पण महत्त्वाची आहे. याकोब १:१४-१५ मध्ये पायऱ्या सांगितल्यात, आधी वासना ओढते आणि भुलवते, मग ती गर्भवती होते, मग पाप जन्मतं, मग मरण. तू वचन म्हणायला सुरू करतोस ते शेवटच्या पायरीवर, जेव्हा सगळं ठरून झालेलं असतं. ते म्हणायचं पहिल्या पायरीवर, "दहा मिनिटं फक्त रील्स बघतो" हे मनात येतं ना तिथे. मोठ्याने म्हण, रूममध्ये एकटाच आहेस. आणि ते म्हटल्यावर उठून उभा राहा.

हे उठणं मी मुद्दाम सांगतोय. योसेफाकडे तर पाठ करायला पुस्तकच नव्हतं, मोशेच्या कितीतरी आधीचा तो. उत्पत्ती ३९ मध्ये तो म्हणतो, मी देवाविरुद्ध पाप कसं करू? त्याच्या मालकाची, पोटीफराची, बायको त्याला रोज भुलवायला बघत होती आणि तो रोज नाही म्हणत होता. पण ज्या दिवशी घरात कोणी नव्हतं आणि तिने वस्त्र धरलं त्या दिवशी तो काही बोललाच नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. म्हणून तुझा मोबाईल रात्री दहाला रूमच्या बाहेर चार्जिंगला लाव, रूम पार्टनर असेल तर त्याच्याकडे दे, अलार्मसाठी साधं घड्याळ घे. हे करायला लाज वाटू देऊ नको, डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक असं म्हणणाऱ्या प्रभूला चार्जर हॉलमध्ये ठेवणं काही जास्त वाटणार नाही. आणि वेळेवर जेव, झोप. १ राजे १९ मध्ये एलीया खचून झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने आधी उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं आणि झोपू दिलं, दोनदा. शरीर पार थकलेलं असलं की मोह जड होतो, आणि येशूकडे पण परीक्षक भुकेच्या वेळीच आला होता.

आता जे तुला सगळ्यात अवघड जाईल ते. कोणाला तरी सांग. याकोब ५:१६, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. चर्चमधला एखादा वयाने मोठा, तोंडाचा पक्का, विवाहित भाऊ किंवा तुझे पाळक, एकच माणूस बस. व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, साक्षीच्या वेळेत माईकवर पण नको. लपलेलं असतं तोपर्यंत त्याला बळ असतं, आणि एकट्याने लढायचं असं बायबलमध्ये कुठे सांगितलंय? हे सगळं करूनही महिनोन्महिने सुटत नसेल, झोप आणि काम बिघडत असेल तर समुपदेशकाकडे जा, त्याने विश्वास कमी होत नाही.

गिटारचं तू एकट्याने ठरवू नको. पाळकांशी खरं बोल. ते म्हणाले काही दिवस मागे बस तर बस, म्हणाले वाजव तर वाजव. पण मंडळीत जाणं सोडू नको, सैतानाला तेवढंच हवंय.

आणि पडलास तर? मीखा ७:८ पाठ कर, माझ्या वैऱ्या, मी पडलो तरी पुन्हा उठेन. पडायच्या आधीचं वचन एक असतं आणि पडल्यानंतरचं वेगळं लागतं, लोक हे दुसरं पाठच करत नाहीत. शिष्य पेत्राने "मी येशूला ओळखत नाही" म्हणून नाकारायच्या आधीच प्रभूने त्याला सांगून ठेवलं होतं, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. लूक २२:३२. आणि पुढे म्हणाला, वळलास की भावांना स्थिर कर. म्हणजे पेत्राच्या पडण्यानंतरचं काम सुद्धा ठरलेलं होतं!

प्रश्न : मी सरकारी कार्यालयात क्लार्क आहे, आमच्या टेबलावर वरकमाई चालते. मी आजवर घेतलं नाही. यंदा मुलीची फी खूप आहे, कर्ज आहे. ऑफिसमधले एक सहकारी स्वतः ख्रिस्ती आहेत, ते म्हणतात बायबलमध्येच लिहिलंय की भेट माणसासाठी मार्ग मोकळा करते, आणि त्यातला दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, देवाला दे म्हणजे झालं. मला त्यांना उत्तर देता आलं नाही. आता मनच डळमळायला लागलंय.

उत्तर : तुमचे सहकारी म्हणतात ते वचन आहे खरं, नीतिसूत्रे १८:१६. आणि तुम्ही घाबरून जाऊ नका, कारण वचन वापरून मोहात पाडायचा प्रयत्न खुद्द प्रभूवर झालाय. मंदिराच्या शिरोभागावर उभं करून सैतान म्हणतो खाली उडी टाक, आणि पुरावा म्हणून स्तोत्र ९१ देतो, तो देवदूतांना आज्ञा करील, ते तुला हातांवर झेलतील. पण ते स्तोत्र उघडून बघा, ११ व्या वचनात "तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करावं" असं आहे, ते "सर्व मार्गांत" त्याने गाळलं. आणि तो १२ व्या वचनावर थांबला. १३ व्यात काय आहे, सिंह आणि सर्प यांना तू पायाखाली तुडवशील. तिथपर्यंत तो कसा वाचेल! येशूने त्यावर "हे वचन खोटं आहे" असं म्हटलं नाही, "असंही लिहिलेलं आहे" म्हणून दुसरं वचन ठेवलं. तेच तुम्ही करा.

नीतिसूत्रे १८:१६ मध्ये जग कसं चालतं ते सांगितलंय, तसं करा असं नाही सांगितलेलं. एकच पान मागे जा, १७:२३ म्हणतं, न्यायाचा मार्ग वाकडा करायला दुष्ट माणूस लपवून दिलेली लाच घेतो. निर्गम २३:८ म्हणतं लाच डोळसांना आंधळं करते. नीतिसूत्रे १५:२७ म्हणतं, जो लाचेचा तिटकारा करतो तो जगेल. एकाच पुस्तकातलं एक वचन घेऊन बाकीची झाकून ठेवली की त्यातून आपल्याला पाहिजे ते निघतं, म्हणून कोणी वचन सांगितलं की मागचं-पुढचं वाचायचं आणि हे वचन मला देवापुढे नमवतंय की माझ्या मनात आधीच होतं त्याला परवानगी देतंय हे बघायचं.

दशांशाबद्दल तर जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराची गोष्ट आहेच. तो दहावा हिस्सा मंदिरात टाकून मोकळा झाला नाही, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना.

तुमच्या टेबलासाठी मला लूक ३:१२-१४ सगळ्यात जवळचं वाटतं. जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं. तो नोकरी सोडा म्हणत नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलूम करू नका, आपल्या पगारात तृप्त राहा. हे अगदी सरकारी नोकराला सांगितलेलं आहे हो. ड्रॉवरच्या आत चिकटवून ठेवा. दानीएलने पहिल्या अध्यायात राजाचं अन्न समोर यायच्या आधीच मनाशी ठरवलं होतं, तसं पाकीट समोर यायच्या आधी तुमचं वाक्य ठरलेलं असू द्या, "साहेब, फी पावतीची तेवढीच, बाकी परत ठेवा." त्या क्षणी शब्द शोधायला लागलात तर घोटाळा होतो.

त्रास होणारच नाही असं मी सांगणार नाही. योसेफ पळाला आणि तुरुंगात गेला, बक्षीस काही लगेच मिळालं नाही त्याला. बदली होईल, सोबतचे बोलणं बंद करतील. फीसाठी मात्र तुमच्या मंडळीत उघडपणे बोला, पंच कमिटीला सांगा, शिष्यवृत्तीचं विचारा. आणि एक गोष्ट मंडळीच्या पुढाऱ्यांना सांगायची आहे, आपण वेदीवरून लाच घेऊ नका म्हणतो आणि न घेणाऱ्याच्या घरी फीला पैसे नाहीत हे आपल्याला माहीत पण नसतं, हे मला फार खुपतं. प्रामाणिक राहणाऱ्या माणसाच्या मागे मंडळी उभी राहिली पाहिजे, पैशाने सुद्धा.

प्रश्न : माझं वय ६८. राग पटकन येतो आणि सुनेला टाकून बोलते, मग रात्री रडते. पाळक म्हणतात वचन पाठ करा पण आता काही लक्षात राहत नाही, डोळ्यांनी पण कमी दिसतं. मी काय करू?

उत्तर : मावशी, एकच वचन घ्या. स्तोत्र १४१:३, हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. ही प्रार्थनाच आहे, त्यामुळे पाठ करायची वेगळी मेहनत नाही, रोज सकाळी चहा ठेवताना म्हणा, दोन महिने हेच. अर्धं विसरलात तर अर्धंच म्हणा, तो ऐकतो.

लक्षात ठेवायची अडचण जुन्या लोकांनाही होती. स्तोत्र ११९ मध्ये "तुझ्याविरुद्ध पाप करू नये म्हणून तुझं वचन मनात जपून ठेवलंय" असं आहे ना, ते १७६ वचनांचं अख्खं स्तोत्र हिब्रू भाषेच्या २२ अक्षरांवर बांधलेलं आहे, एकेका अक्षराची आठ आठ वचनं, म्हणजे आठवायला धागा मिळतो. तुम्ही चालीवर म्हणा. भजनांच्या चाली तुम्हाला येत असतील, त्यातल्याच एखाद्या चालीत हे वचन बसवा, गाणं शेवटपर्यंत लक्षात राहतं. मोबाईलवर मराठी ऑडिओ बायबल मिळतं, नातवंडांना लावून द्यायला सांगा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, केडगावला मुक्ती मिशनच्या बायकांनीच ते छापलं, ते कमी शिकलेल्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. तेव्हा मला काय कळतंय, माझ्याच्याने काय होतंय असं म्हणू नका.

एक काळजी घ्या. हे वचन स्वतःच्या तोंडासाठी आहे, सुनेला ऐकवायला नाही. घरात वचनं एकमेकांवर फेकायला लागलं की सगळ्यांनाच वचनाचा वीट येतो. राग वर यायला लागला की स्वयंपाकघरातून बाहेर या, दारापर्यंत जाऊन या, तेवढ्यात ते वचन म्हणा. आणि परवा जे बोलून गेलात त्याबद्दल तिच्याशी आजच बोला, त्यासाठी काही पाठ व्हायची वाट बघू नका.